वर्गणी आणि नावाचा धनी



संगणकाची विद्या मी रीतसर शिकलेलो नाही. परंतु वर्गणी गोळा करण्यात माझी उमर गेली. त्या बळावर अमेरिकेतील एका भांडणाविषयी चार शब्द बोलतो.

वर्डप्रेस हे संकेतस्थळे बांधण्याचे सॉफ्टवेअर. 'बी-टू' नावाच्या जुन्या खुल्या सॉफ्टवेअरवरून मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ते २००३ साली उभे केले. पुढे हजारो लोकांनी त्यात घाम गाळला. परवाना असा, की कोणीही ते घ्यावे, बदलावे, त्यावर धंदा करावा. मोबदला द्यावा लागत नाही.

डब्ल्यूपी इंजिन ही कंपनी असा धंदा करते. मुलेनवेग यांची ऑटोमॅटिक कंपनीही तोच धंदा करते. ही मंडळी सामायिक कामाला फार थोडे देतात, अशी मुलेनवेग यांची तक्रार. सप्टेंबर २०२४ मध्ये मागणी आली: आमचे नाव वापरता, तर उत्पन्नाचे ८ टक्के द्या, किंवा तेवढ्या किमतीची माणसे वर्डप्रेसच्या कामाला लावा. नकार मिळताच वर्डप्रेसच्या मुख्य भांडाराचे दार त्या कंपनीला बंद झाले. २ ऑक्टोबरला कंपनी कोर्टात गेली. १० डिसेंबरला कोर्टाने दार पूर्ववत उघडण्याचा तात्पुरता हुकूम दिला.

आता आमचा अनुभव पाहा. वर्गणी न भरता पगारवाढ खिशात घालणारा गडी प्रत्येक कारखान्यात असतो. त्याचा राग येणारच, आणि तो राग खरा आहे. पण म्हणून युनियनचा चिटणीस मनास येईल ती रक्कम सांगून गेटला कुलूप लावू शकत नाही. वर्गणी सभेत ठरते, तिची पावती फाटते, हिशेब तपासला जातो.

इथे काय होते? नावाचे व्यापारचिन्ह २०१० साली एका धर्मादाय संस्थेकडे दिले. पण धंद्यासाठी ते वापरण्याचा हक्क ऑटोमॅटिककडे आला. भांडाराचे संकेतस्थळ मुलेनवेग यांच्या खासगी मालकीचे. म्हणजे वर्गणी मागणारा, शेजारचा दुकानदार आणि दारावरचा पहारेकरी एकच! ज्यांनी घाम गाळला, त्यांना मात्र मत नाही. त्याच ऑक्टोबरात ऑटोमॅटिकने न पटणाऱ्या नोकरांना पैसे घेऊन जाण्याची मुभा दिली. १५९ जण गेले.

सामायिक विहिरीचा गाळ सर्वांनी उपसावा, हे मला मान्य आहे. परंतु कोणी किती उपसायचा, हे उपसणाऱ्यांच्या सभेत ठरले पाहिजे आणि हिशेब चावडीवर मांडला पाहिजे. एवढे झाले, की वर्गणी मागणाऱ्याला आवाज चढवावा लागत नाही.