परदेशस्थ इटालियनांचा पक्ष आणि वर्गाचा प्रश्न

८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधील मार्सिनेलच्या कोळसा खाणीत २६२ कामगार मृत्युमुखी पडले; त्यांपैकी १३६ इटालियन होते. कोळशाच्या मोबदल्यात माणसे धाडण्याचा करार त्यांच्याच सरकारने १९४६ मध्ये केला होता. अशा स्थलांतरितांना परदेशातून टपालाने मत देण्याचा हक्क २००१ च्या कायद्याने मिळाला.

२००६ मध्ये त्यांनी प्रथमच १२ प्रतिनिधी व ६ सिनेटर निवडले. दक्षिण अमेरिकेतील इटालियन संघटनांच्या यादीतून सिनेटर झाले ते अर्जेंटिनातील उद्योजक लुईजी पाल्लारो. प्रोदींच्या आघाडीचे बहुमत इतके निसटते होते की या एका मताला मोल आले. जानेवारी २००८ मधील विश्वासदर्शक ठरावाला पाल्लारो गैरहजर राहिले. बाजूने १५६, विरोधात १६१ मते पडून सरकार कोसळले. एकट्या त्यांच्यामुळे नव्हे, हे खरे. पुढे परदेशस्थांच्याच दुसऱ्या पक्षाचे, ‘माये’चे, नेते रिकार्दो मेर्लो २०१८ मध्ये उजव्या ‘लीग’च्या सहभागाने बनलेल्या सरकारात परराष्ट्र खात्याचे कनिष्ठ मंत्री झाले.

कॉम्रेड्स, खाणकामगार आणि उद्योजक यांचे पारपत्र एक असले, तरी हितसंबंध एक नसतात. स्थलांतरितांच्या मताधिकाराचे आपण स्वागतच करू. परंतु त्यांच्या नावाने उभा राहिलेला पक्ष कोणत्या वर्गाच्या हाती आहे, हा प्रश्न आधी विचारू.