स्मृती लोपली तरी जीव तोच
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा सारांश)



माझ्या आईने अखेरची तीन वर्षे मला ओळखले नाही. स्मृतिभ्रंशाने घरची सारी माणसे तिला परकी झाली होती. एक आप्त म्हणाले, "त्या आता पूर्वीच्या राहिल्या नाहीत. मग तुम्ही सेवा करता ती कोणाची?" तोच प्रश्न आज आपणांसमोर ठेवीत आहे.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९४ साली असे प्रतिपादन केले की, माणसाची जाणीव मागील कृत्यांपर्यंत जिथवर पोहोचते, तिथवरच तो 'तोच' असतो. हे मान्य केले तर विस्मरणाबरोबर माणूसही संपतो.

जैन दर्शन असे मानीत नाही. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य या तिहींनी युक्त ते सत्, असे तत्त्वार्थसूत्र सांगते. आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेत सुवर्णाचा दृष्टांत दिला आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट घडविला, तर घट हवा असणारा शोक करतो, मुकुट हवा असणारा आनंदतो आणि सोने हवे असणारा मध्यस्थ राहतो. स्मृती हा मतिज्ञानाचाच एक प्रकार. ती येते आणि जाते. जीवाचे लक्षण मात्र उपयोग, म्हणजे चैतन्याचा व्यापार. ज्ञानावरण कर्माने तो झाकला जातो, नष्ट होत नाही.

अमेरिकेतील हेन्री मोलायसन यांच्या मेंदूवर १९५३ साली अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर नवे काही त्यांच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. आदल्या दिवशीचा सराव त्यांना आठवत नसे. हात मात्र दिवसेंदिवस सफाईने चालू लागला. याने आत्मा सिद्ध होतो असे मी म्हणत नाही. पण आठवण म्हणजेच संपूर्ण माणूस नव्हे, एवढे निश्चित दिसते.

प्रतिक्रमणात आपण विसरलेल्या, अजाणता घडलेल्या दोषांचीही क्षमा मागतो. आठवत नाही म्हणून कर्ता बदलत नाही. मग जिने आपणांस वाढविले, तिला आठवत नाही म्हणून आपले ऋण तरी कसे फिटेल?

पूर्वीची आई परत हवी म्हणून मी अश्रू ढाळीत होतो. तो शोक घट मागणाऱ्याचा होता. णमोकार मंत्र कानी पडताच तिचे हात मात्र अखेरपर्यंत जोडले जात. ज्यांच्या घरी असे वृद्ध आहेत, त्यांनी रोज त्यांच्याजवळ बसावे, त्यांच्याशी बोलावे, हीच नम्र विनंती.

जय जिनेंद्र!