केशवाहिन्या : प्राणवायूच्या शेवटच्या वाटा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आरोग्यावर काही बोलावे अशी संस्थेने मला विनंती केली. आरोग्यावरची भाषणे बहुधा हृदयाच्या झटक्यापासून सुरू होतात. मी मात्र आज हृदयाबद्दल कमीच बोलणार आहे. ज्या नळ्या डोळ्यांना दिसत नाहीत, ज्यांची नावे पेपरात येत नाहीत, पण ज्यांच्यावाचून हृदयाची सगळी मेहनत वाया जाईल, अशा केशवाहिन्यांबद्दल मला बोलायचे आहे.

प्रथम एक लहानसा प्रयोग करू. सर्वांनी आपल्या डाव्या हाताच्या एका बोटाचे नख उजव्या हाताच्या चिमटीत पाच सेकंद घट्ट दाबून धरा. आता सोडा. नखाखालचा भाग पांढरा पडला होता, तो पाहता पाहता पुन्हा गुलाबी झाला. निरोगी माणसात याला साधारण दोन सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. दाबल्याने तेथील बारीक वाहिन्यांतले रक्त बाजूला सरले आणि सोडल्यावर ते परत भरले. अत्यवस्थ रोगी समोर आला की आम्ही डॉक्टर आजही ही खूण पाहतो. म्हणजे केशवाहिन्यांची भेट तुम्ही आत्ताच घेतली.

शरीरातील प्रत्येक पेशीला प्राणवायू लागतो. अन्नातून शक्ती काढण्यासाठी तो हवा. हा प्राणवायू हवेतून फुप्फुसात येतो. फुप्फुसांत ३० ते ५० कोटी वायुकोश आहेत आणि प्रत्येक वायुकोशाभोवती केशवाहिन्यांची जाळी आहे. तेथे प्राणवायू रक्तात शिरतो. हृदय ते रक्त रोहिण्यांतून पुढे ढकलते. मोठ्या रोहिणीला फाटे फुटतात, त्या फाट्यांना आणखी फाटे फुटतात आणि शेवटी वाहिनी इतकी बारीक होते की तिची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरते. हीच केशवाहिनी. नावात ‘केश’ आहे खरा, पण आपल्या डोक्याचा केस तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट जाड असतो.

रक्तातील तांबडी पेशी केशवाहिनीच्या रुंदीएवढी, कित्येकदा तिच्याहूनही थोडी मोठी असते. तेव्हा ती अंग चोरून, वाकून, एकामागून एक अशा रांगेने पुढे सरकते. मोहल्ल्याच्या अरुंद बोळातून हातगाडी न्यावी, तसे हे काम आहे. पण हा बोळ अरुंद आहे म्हणूनच पेशी दोन्ही बाजूंच्या भिंतींना लगटून जाते. या भिंती एकाच पेशीच्या जाडीच्या, अगदी पातळ पापुद्र्यासारख्या असतात. त्यांतून प्राणवायू बाहेर पडतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड आत येतो.

प्राणवायू पेशीपर्यंत कोण पोचवितो? कोणीच नाही. तो आपला आपणच पसरतो. खोलीच्या एका कोपऱ्यात अत्तराची कुपी उघडली की वास दाटीकडून विरळ भागाकडे पसरू लागतो, तसेच हे. शास्त्रात याला विसरण म्हणतात. या पद्धतीला पंप लागत नाही की खर्च येत नाही. पण तिची एक अडचण आहे. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो. केसाच्या जाडीएवढे अंतर प्राणवायू चटकन कापतो, पण चार बोटे अंतर कापायला त्याला इतका वेळ लागेल की तोवर पेशी मरून जाईल. म्हणून जवळजवळ प्रत्येक पेशीच्या दारापर्यंत केशवाहिनी पोचलेली असावी लागते. याला अपवाद थोडे. डोळ्याच्या बुबुळावरील पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या असत्या तर आपल्याला स्वच्छ दिसले नसते. तो पडदा आपला प्राणवायू बराचसा थेट हवेतूनच घेतो.

आणखी एक सोय पाहा. नदी खिंडीतून धावत येते आणि पुढे खाडीत पसरली की संथ होते. रक्ताचेही तेच आहे. एकेक केशवाहिनी बारीक असली तरी अब्जावधी केशवाहिन्यांची मिळून रुंदी मोठ्या रोहिणीच्या कित्येक पटींनी भरते. म्हणून तेथे रक्ताचा वेग सेकंदाला एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी होतो. केशवाहिनीची लांबीही साधारण तेवढीच. म्हणजे देवघेवीला सेकंद-दोन सेकंद मिळतात आणि तेवढे पुरतात.

ही गोष्ट माणसाला कळली कशी, हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम ऐकावे. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याने सांगून ठेवले होते की हृदयाच्या मधल्या पडद्याला अदृश्य छिद्रे असून त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते. हजार वर्षे जगाने ते मानले. इब्न सिना यांच्यासारख्या थोर हकिमांच्या ग्रंथातही शरीररचनेची मांडणी मुख्यतः गॅलेनचीच होती. तेराव्या शतकात दमास्कसला शिकलेले आणि कैरोत नावारूपाला आलेले हकीम इब्न अल-नफीस यांनी इब्न सिनांच्या ग्रंथातील शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिले. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटले की हा पडदा भरीव आहे, त्याला छिद्रे नाहीत. उजव्या कप्प्यातील रक्त फुप्फुसात जाते, तेथे हवेशी मिसळते आणि मग डाव्या कप्प्यात येते. फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या व तेथून आणणाऱ्या वाहिन्यांमध्ये बारीक वाटा असल्या पाहिजेत, हेही त्यांनी सुचविले. हे भाष्य सुमारे १२४२ सालचे.

ज्यांच्या ग्रंथाचा आदर म्हणून भाष्य लिहायला घेतले, त्यांच्याशीच जेथे पटले नाही तेथे त्यांनी तसे लिहिले. यात बेअदबी नाही. ही इल्मची खरी अदब आहे. १२८८ मध्ये ते वारले, तेव्हा आपले घर आणि ग्रंथसंग्रह त्यांनी कैरोच्या मन्सुरी इस्पितळाला देऊन टाकला होता. शिक्षणसंस्थांना देणग्या देणाऱ्या आपल्या लोकांनी हे ध्यानात ठेवावे. त्याचबरोबर, पुढच्या पिढ्यांनी हे भाष्य इतके विसरून टाकले की १९२४ मध्ये अल-तत्तावी नावाच्या इजिप्शियन डॉक्टराने जर्मनीत शिकत असताना ते बर्लिनच्या हस्तलिखितांतून पुन्हा उजेडात आणले. वारसा नुसता असून भागत नाही. तो वाचावा लागतो.

पण अभिमानाच्या भरात आपण जास्त सांगू नये. संपूर्ण शरीरातील रक्ताभिसरण सिद्ध केले ते इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी, १६२८ च्या आपल्या ग्रंथात. रोहिण्यांतून गेलेले रक्त शिरांमधून परत येते हे त्यांनी दाखविले, पण ते एकीतून दुसरीत जाते कसे, हे त्यांना दिसले नाही. १६५७ मध्ये ते वारले. त्यानंतर चारच वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीच्या मार्चेल्लो माल्पीगी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाचे फुप्फुस पाहिले आणि ती हरवलेली वाट, केशवाहिनी, डोळ्यांना दिसली. कैरो, लंडन, बोलोन्या अशी ही एकाच ज्ञानाची साखळी आहे.

तिचा पुढचा दुवा डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोघ. स्नायू स्वस्थ असताना त्यातील पुष्कळ केशवाहिन्या बंद असतात आणि स्नायू कामाला लागला की त्या उघडतात, असे त्यांनी दाखविले. त्याबद्दल त्यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांची पत्नी मारी याही डॉक्टर होत्या. फुप्फुसातून प्राणवायू केवळ विसरणाने रक्तात जातो हे या दोघांनी मिळून सिद्ध केले, आणि तेही क्रोघ यांच्या गुरूच्या मताविरुद्ध! पती-पत्नींनी एका प्रयोगशाळेत बसून केलेले हे काम मुलींच्या पालकांनी विसरू नये.

आता हिशोब पाहू. एक लिटर रक्तातल्या नुसत्या पाण्यात फक्त ३ मिलिलिटर प्राणवायू विरघळतो. पण तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य आहे, त्यात लोह आहे आणि त्यामुळे एक लिटर रक्त सुमारे २०० मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त फिरविते, म्हणजे १,००० मिलिलिटर प्राणवायू रवाना होतो. स्वस्थ बसलेल्या माणसाला त्यातले २५० पुरतात. बाकीची तीन-चतुर्थांश शिल्लक म्हणजे आपली अडीअडचणीची गंगाजळी. जिना चढताना, धावताना, आजारपणात ती उपयोगी पडते.

ज्या मुलीचे हिमोग्लोबिन १५ ऐवजी साडेसात आहे, तिच्याकडे निघतानाच ५०० मिलिलिटर असतात. बसून राहिली तर तिचे भागते. जिना चढली की धाप लागते, छाती धडधडते, डोके दुखते, धड्यावर मन ठरत नाही. घरचे म्हणतात, ‘आळशी आहे.’ शिक्षक म्हणतात, ‘लक्ष नाही.’ पालकहो, मेंदूचे वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाइतके असते, पण स्वस्थ बसलेल्या शरीराच्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. केशवाहिन्या दारापर्यंत आल्या, पण गाडीत माल अर्धाच असेल, तर दोष त्या मुलीचा कसा?

ही थोड्या घरांची गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ मुलींत रक्तक्षय आढळला. मुलग्यांत १०० पैकी ३१. वाढीचे वय, दर महिन्याची पाळी, आणि ताटात शेवटी उरलेले खाण्याची आपल्या घरांतील रीत, ही त्याची मोठी कारणे. कलेजी, खिमा घरात शिजतो. पण तो आधी कोणाच्या ताटात पडतो, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.

उपाय अवघड नाहीत. पंधरा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. शाळेतून आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलीने जेवणानंतर घ्यावी. तिने शौचास काळे होते, त्यात भिण्यासारखे काही नाही. जंताची गोळीही चुकवू नये. मटण, कलेजी, मासळी परवडेल तेव्हा. मसूर, हरभरा, पालेभाजी रोज. आणि वर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा मात्र नको, त्याने ते अडते. चहा तासाभराने घ्या.

लोह देऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर थॅलेसेमियाची तपासणी करून घ्या. आई-बाप दोघेही या दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला गंभीर आजार होण्याची शक्यता चारात एक असते. नात्यात लग्न करणाऱ्या घरांत दोघेही वाहक असण्याचा संभव अधिक. लग्न ठरविण्यापूर्वी एक रक्ततपासणी करण्याने कोणाच्याही इज्जतीला धक्का लागत नाही.

वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द. वाढलेली साखर वर्षानुवर्षे राहिली तर ती याच बारीक वाहिन्या खराब करते. डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर, मूत्रपिंडांत आणि पायांत तिचा घाला पडतो आणि सुरुवातीला काही दुखतही नाही. मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा व लघवी तपासावी, रोज रात्री तळपाय पाहावेत, आणि रमजानपूर्वी औषधांच्या वेळा डॉक्टरांशी बोलून ठरवाव्यात. विडी-सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे याच कारणाने जीवघेणे ठरते.

विद्यार्थी मित्रहो, शरीर ही आपल्याकडे दिलेली अमानत आहे, असे आपण लहानपणापासून ऐकतो. अमानतीची पहिली अट म्हणजे तिच्यात काय आहे हे माहीत असणे. तुमच्यातून कोणी इब्न अल-नफीस निघेल, कोणी मारी क्रोघ निघेल, अशी मला उमेद आहे.

संस्थेला माझी एकच विनंती. येत्या वर्षी शाळेतील प्रत्येक मुलीचे हिमोग्लोबिन वर्षारंभी आणि वर्षाअखेर मोजावे. बोटाच्या टोकाला सुई टोचून घेतलेला एक थेंब पुरतो, आणि तो थेंब याच केशवाहिन्यांतला असतो. परीक्षेचे गुण आपण मांडतो, तसे मुलीचे हे आकडेही तिच्या पालकांच्या हाती द्यावेत. दोन्ही आकडे एकमेकांशी किती जोडलेले आहेत, हे पालकांना आपोआप दिसेल.