भाड्याची पावती आणि भाडेकरूची पत

(पुरुषोत्तमनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेल्या पुरुषोत्तमनगरात पत म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. ज्याची पत असते त्याला बँक कर्ज देते. ज्याची नसते तो सावकाराच्या दारी जातो. ही पत आज ३०० ते ९०० यांमधील एका आकड्यात मोजली जाते. २००५ च्या कायद्यानुसार बँका व वित्तसंस्था कर्जफेडीचा तपशील पतमाहिती कंपन्यांना पुरवितात आणि त्यावरून हा आकडा ठरतो.

परंतु ज्याने कर्जच काढले नाही, त्याचे काय? एखादा कामगार दहा वर्षे खोलीचे भाडे बिनचूक भरतो. शिस्तीचा याहून चांगला पुरावा कोणता? तथापि घरमालक ही वित्तसंस्था नव्हे. म्हणून ही नोंद सामान्यतः त्या आकड्यात येत नाही. हप्ता फेडणारा दिसतो. भाडे भरणारा दिसत नाही.

यावर उपाय म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने मोठ्या इमारतींच्या मालकांवर १ एप्रिल २०२५ पासून एक बंधन घातले. भाडेकरूची इच्छा असल्यास त्याने वेळेवर भरलेल्या भाड्याची नोंद पतमाहिती कंपनीकडे पाठविण्याची सोय त्यांनी दिली पाहिजे. येथे दोन गोष्टी मोलाच्या आहेत: निर्णय भाडेकरूचा, आणि नोंद भरण्याची, थकबाकीची नव्हे.

हा भेद किरकोळ नाही. छप्पर गळते म्हणून कोणी भाडे रोखून धरले, तर मालकाच्या एका नोंदीने तो थकबाकीदार ठरेल आणि पुढे त्याला कर्जही मिळणार नाही. वही कोणाच्या हाती, हा प्रश्न शहादा तालुक्याला नवा नाही. सालदाराचा हिशेब मालकाच्या वहीत असे. कर्जाच्या कागदांवर आदिवासींच्या जमिनी गेल्या. म्हणूनच १९७२ साली येथे श्रमिक संघटना उभी राहिली.

तेव्हा आरंभ पावतीपासून व्हावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ३१ नुसार भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. ती मागून घेण्यात संकोच कसला? पुढे भाड्याची नोंद पतमाहितीत आलीच, तर ती भाडेकरूच्या संमतीनेच यावी आणि चुकीची नोंद खोडून काढण्याचा हक्क त्याला असावा. एरवी ज्याच्या पतीसाठी ही व्यवस्था आणावयाची, त्याच्याच गळ्यात ती फास होऊन पडेल.