स्टार्टरच्या पेटीला येणाऱ्या झिणझिण्या

कळस आणि इंदापूर तालुक्यातील इतर बागायती गावांत मोटारीच्या स्टार्टरची पत्र्याची पेटी हाताला झिणझिण्या देऊ लागली, की वायरमन येईपर्यंत मोटार बंद ठेवावी असे एक मत पडते, आणि वर्षानुवर्षे ती अशीच चालली आहे, काही होत नाही, असे दुसरे. दुसरे मत निव्वळ बेफिकिरीचे म्हणता येत नाही, कारण झिणझिण्या आल्या म्हणजे उपकरण बिघडलेच असे नव्हे. दोन पिनांच्या चार्जरवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोट फिरवले असता जी बारीक खरखर जाणवते, ती चार्जरमधील कपॅसिटरमधून, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या लहानशा घटकातून, झिरपणाऱ्या प्रवाहाची असते आणि हा प्रवाह साधारणतः अर्ध्या मिलिअँपिअरच्या, म्हणजे अँपिअरच्या दोन हजाराव्या भागाच्या, आत राखलेला असतो. टेस्टरमधील निऑनचा दिवा तर याहूनही पुष्कळ कमी प्रवाहावर उजळतो. त्यामुळे टेस्टर पेटला एवढ्याने वाद मिटत नाही.

स्टार्टरच्या पेटीत मात्र प्रवाहाला आवर घालणारे असे काहीच नसते. वायरीचे आवरण झिजून फेज पत्र्याला टेकली, आणि गळती जमिनीत उतरवणारी जोडणी, म्हणजे अर्थिंग, तुटलेली असली, तर पेटीला हात लावणाऱ्याच्या अंगातून किती प्रवाह जाईल हे मुख्यतः त्याच्या शरीराच्या आणि पायांखालच्या जमिनीच्या रोधावर ठरते. पायांत कोरडी चप्पल असताना झिणझिण्यांवर निभावते. परंतु रात्रीच्या विजेवर उसाला दारे धरून चिखलातून अनवाणी आलेल्या माणसाच्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो, आणि तसे झाल्यास 230 व्होल्टला जवळपास 230 मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. साधारण 10 मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडून पकड सुटत नाही, तर 30 च्या पुढे हृदयाची लय बिघडण्याची भीती वाढत जाते, म्हणूनच माणसाच्या रक्षणासाठी बसवायचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, 30 मिलिअँपिअरचा असतो. ‘काही होत नाही’ हा अनुभव तेव्हा कोरड्या पायांचा आहे.

  

जाणता वायरमन पेटी आणि ओल्या जमिनीत ठोकलेली सळई यांच्यामध्ये पिवळा, म्हणजे तारेचा, बल्ब जोडून पाहतो: कपॅसिटरच्या गळतीवर तो मुळीच पेटत नाही, आणि फेज टेकली असेल तर लालसर का होईना, पेटतो.