न्यूट्रल म्हणजे काय?

(गणेशोत्सवातील भाषण)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या वीज विभागात लागलो, त्यामुळे माझ्याकडे सांगण्यासारखे ते तारांचेच. आज 'न्यूट्रल' या एकाच शब्दाविषयी बोलतो.

शब्द मूळचा लॅटिन. अर्थ, 'दोहोंपैकी एकही नाही'. आपण 'तटस्थ' म्हणतो, म्हणजे काठावर उभा असलेला. पण वायरमनला विचारा. थ्री फेज पुरवठ्यात तिन्ही फेजवरचा भार कमी-जास्त झाला, की तो फरक न्यूट्रल वाहून नेतो. न्यूट्रल तुटला, तर भार कमी असलेल्या फेजवर २३० व्होल्टचे ४०० च्या जवळपास जाऊ शकतात. एका वर्षी आपल्या मंडपात ऐन आरतीत हेच झाले. एकीकडच्या माळा मिणमिणल्या, दुसरीकडचे बल्ब लखलखून उडाले. न्यूट्रलचा स्क्रू ढिला होता आणि तो मीच तपासला नव्हता.

आमच्या २५,००० व्होल्टच्या तारेतही न्यूट्रल सेक्शन असतो. शेजारच्या दोन सबस्टेशनांच्या वेगवेगळ्या फेज एकत्र येऊ नयेत, म्हणून मध्ये ठेवलेला वीज नसलेला तुकडा. ५०० आणि २५० मीटर आधी फलक असतात. लोको पायलट डीजे, म्हणजे इंजिनाचा मुख्य ब्रेकर, ओपन करतो. गाडी वेगावरच तुकडा पार करते, मग डीजे क्लोज. तिथे थांबायचे नसते. गाडी अडकली तर सगळ्यांचीच पंचाईत!

हे सारे ठाऊक असून मी चुकलो. काही वर्षांपूर्वी वर्गणीच्या हिशेबावरून मंडळात दोन गट पडले. नावे घेत नाही. ज्यांच्यावर बोट दाखवले गेले, त्यांच्या पावत्या मी स्वतः पाहिल्या होत्या. पैशापैशाचा मेळ बसत होता. तरी दोघांनीही विचारले तेव्हा मी म्हणालो, "मी बुवा न्यूट्रल." त्या गृहस्थांनी मंडपात येणे सोडले. पुढे बदली झाली, तेव्हा निरोपही न घेता गेले.

मी न्यूट्रल नव्हतो, नुसता काठावर उभा होतो. न्यूट्रल राहायचे तर दोघांचे ऐकावे, दोघांमधला फरक अंगावर घ्यावा आणि खरे ते बोलावे. ते तेव्हा बोललो नाही, म्हणून आज सर्वांसमोर सांगतो: तो हिशेब बरोबर होता. यंदाचे पहिले निमंत्रण मी त्यांना स्वतः लिहून पाठवले आहे.

एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो.

गणपती बाप्पा मोरया!