कलम सांगा



महाड नगरीत आपले मनःपूर्वक स्वागत. स्वागताध्यक्षाने गावाची थोरवी सांगावी आणि व्यवस्थेतल्या उणिवांबद्दल क्षमा मागावी, अशी रीत आहे. क्षमा आधीच मागून ठेवतो. थोरवीचे म्हणाल, तर 'देशाची राज्यघटना नव्याने लिहावी का' या आपल्या विषयाचा एक जुना पुरावाच या गावात आहे, म्हणून तो जरा विस्ताराने मांडतो.

सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला. सरकारी खर्चाने चालणाऱ्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात होते. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. कागद पुरा झाला, पण तळ्याकडे जाण्याची सोय झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, तेव्हा परतणाऱ्यांना मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. पुढे दावा चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत १९३७ साल उजाडले. बोले ठरावाच्या भाषेत काही कमी होते म्हणून ही चौदा वर्षे गेली नाहीत. दोष होता तो राबवणाऱ्यांत. आणि दुसरे म्हणजे, साध्या बहुमताने दिलेले साध्या बहुमताने काढून घेता येत होते यात. १९५० मध्ये बदलले ते हे दुसरे. घटनेच्या १५व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा उल्लेख नाव घेऊन आहे. देशाच्या सर्वोच्च कायद्यात स्नानघाट कशाला, असे वाटणाऱ्याने महाडचा इतिहास वाचावा. आता तो हक्क कोणत्याही नगरपालिकेला ठराव करून परत घेता येत नाही.

घटना नवी हवी म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. आपल्या घटनेचा मोठा भाग १९३५ च्या ब्रिटिश कायद्यातून आला. घटना समितीचे सदस्य प्रौढ मतदानाने निवडलेले नव्हते. मर्यादित मताधिकारावर निवडून आलेल्या प्रांतिक विधिमंडळांनी त्यांतल्या बहुतेकांना पाठवले होते. जगातल्या लिखित घटनांचे सरासरी आयुष्य वीस वर्षांहूनही कमी भरते, असे अभ्यासक सांगतात. आणि खुद्द बाबासाहेबांनी १९५३ मध्ये राज्यसभेत ही घटना जाळायला आपण पहिले पुढे येऊ, असे उद्गार काढले होते. पण १९५५ मध्ये त्याच सभागृहात त्यांनी खुलासाही केला: मंदिर देवासाठी बांधले आणि त्यात असुर येऊन बसले, तर दुसरे काय करायचे? म्हणजे राग होता तो आत बसलेल्यांवर. सरासरी आयुष्याचा आकडाही मला फारसा पटत नाही. त्यात उठाव, लष्करशहा आणि फुटलेली राष्ट्रे सगळीच मोजलेली आहेत. तो आकडा आदर्श म्हणून कोणी पुढे ठेवू नये. मताधिकाराचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. त्याचे उत्तर १९४९ मध्ये मिळाले नाही, १९७७ मध्ये मिळाले. आणीबाणीत १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने घटनेचा केवढा तरी भाग बदलला. पुढच्याच निवडणुकीत मतदारांनी ते सरकार घालवले आणि १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने त्यातले बरेच काही मागे घेतले गेले. प्रौढ मतदारांनी या घटनेवर आपली सही केली ती अशी.

शिवाय 'नव्याने लिहा' म्हणताना आपण ती लिहीतच आहोत, हे विसरले जाते. पहिली दुरुस्ती १९५१ मध्ये, घटना लागू होऊन दीड वर्षही झाले नव्हते तेव्हा झाली. २०२३ पर्यंत १०६ झाल्या. पंचायत राज, शिक्षणाचा हक्क, जीएसटी हे सारे या वाटेने आले. प्रत्येक पिढी स्वतंत्र राष्ट्रच असते, हा जेफरसनचा विचार बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात मांडला आणि म्हणूनच दुरुस्तीची वाट सोपी ठेवली आहे, असे सांगितले. जाता जाता एक गंमत. महाराष्ट्राने २०२२ पासून ज्या तरतुदीचा काथ्याकूट अनुभवला, ती पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची मूळ घटनेत नव्हतीच. ती १९८५ ची. जुन्या मजकुरावर आपण चिडतो, आणि चिडण्यासारखा मजकूर पुष्कळदा आपल्याच काळातला निघतो.

यावर कोणी म्हणेल, मूलभूत चौकटीला हात लावता येत नाही, मग ही दुरुस्ती कसली? केशवानंद भारती खटल्यात १९७३ मध्ये तेरा न्यायाधीशांपैकी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने हा सिद्धान्त ठरला. न निवडलेल्या न्यायाधीशांनी निवडलेल्या संसदेला मर्यादा घालावी का, हा वाद मला खरा वाटतो. न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठीची ९९वी दुरुस्ती २०१५ मध्ये रद्द झाली, तिच्याबद्दल दोन्ही बाजूंनी चांगले बोलता येईल. पण अडलेल्या दुरुस्त्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. तेव्हा संपूर्ण घटना बदला म्हणणाऱ्याला विचारायचे ते एवढेच: कोणते कलम अडवते? कलम सांगितले की त्यावर चर्चा होते, मतदान होते, न्यायालयात कस लागतो. 'सगळेच' म्हटले की सगळीच कलमे एकदम खुली होतात. १५वे, अस्पृश्यता संपवणारे १७वे, सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडणारे ३२वेही. जे हक्क पदरात आहेत, त्यांच्यासाठी दुबळ्याला पुन्हा घासाघीस करत बसावे लागते, आणि समोर बसलेला बलवान असतो.

चिलीचे उदाहरण पाहावे. तिथली घटना पिनोशेच्या हुकूमशाहीतली, म्हणजे बदलाचे कारण आपल्यापेक्षा कितीतरी सबळ. २०२० मध्ये सुमारे ७८ टक्के मतदारांनी नवी घटना हवी म्हटले. २०२२ मध्ये डावीकडे झुकलेला मसुदा फेटाळला गेला, २०२३ मध्ये उजवीकडे झुकलेला. जुनीच टिकली. ज्याचे बहुमत, त्याचा मसुदा, असे झाले की दुसरी बाजू त्याला आपला मानत नाही.

आता आपल्याकडे पाहा. मुदत संपण्यापूर्वी महापालिकेची निवडणूक व्हावी, असे घटनेचे २४३यू हे कलम स्वच्छ शब्दांत सांगते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. या कलमाचा नवा मसुदा करायचा झाल्यास आपण कोणता शब्द बदलणार? दुपारच्या परिसंवादात वक्त्यांनी याचे उत्तर द्यावे, अशी स्वागत समितीची विनंती आहे. संमेलनाध्यक्षांनी आता कामकाजाची सूत्रे हाती घ्यावीत.